एट्रुस्कन कबरी निवडू की मध्ययुगीन वस्ती?

नवशिकी: रोमच्या उत्तरेला, बार्बारानो रोमानोजवळ सान जुलियानोला उन्हाळ्यात उत्खनन शिकायला जायचंय. पठारावर मध्ययुगीन वस्ती, भोवतीच्या उतारांत एट्रुस्कनांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी इथे नांदलेल्या लोकांच्या, कबरी. गट एकच निवडायचा. मला ओढ एट्रुस्कनांची, पण बहुतेक कबरी लुटलेल्या आहेत म्हणे. मग तिथे शिकायला काय उरतं?

थापीवाला: लुटलेली म्हणजे रिकामी नव्हे. तोंबारोली, म्हणजे तिथले कबरचोर, धातू आणि अख्खी भांडी नेतात, फुटकं टाकून जातात. मी काम केलं त्या भागातल्या एका कबरीच्या दारातली माती चाळली, तर बुक्केरोची खापरं निघाली. भट्टीत हवा फारशी शिरू न देता भाजलेलं हे भांडं आतपर्यंत काळं होतं, त्यामुळे नखाएवढा तुकडाही पटकन ओळखू येतो.

आणि खोली तर जागेवरच असते! टफ हा ज्वालामुखीच्या राखेचा मऊ खडक. त्यात एट्रुस्कनांनी छताच्या तुळया, दारांच्या चौकटी, मृतांना निजवायचे कट्टे कोरले. त्यांची खरी लाकडी घरं कधीच कुजून गेली. छपराचा उतार कसा, आढं कुठे, हे आज बरंचसं या कोरीव छतांवरूनच कळतं. पहिल्यांदा आत जाल तेव्हा आधी वर बघा.

हाडंवाली: थापीवाल्यांचं पटतं, पण हात बसायला वस्तीच बरी. लॅटियममध्ये, म्हणजे रोमभोवतीच्या या प्रांतात, दहाव्या ते बाराव्या शतकांत माणसं अशा तटबंद उंचवट्यांवर एकवटली. भिंत, तिच्यावर पडझड, खाली जमीन, त्याखाली आधीची जमीन: थर वेगळे करायला तिथे शिकाल. गुराडुकरांच्या हाडांवरच्या सुरीच्या खुणा आणि जळके दाणे बघून त्यांचं जेवण कळतं. मला हे सोन्याच्या दागिन्याहून मोलाचं वाटतं.

नवशिकी: पण 2025 मध्ये इथेच न लुटलेली कबर सापडल्याचं जाहीर झालं ना? चार मृत, शंभरावर वस्तू...

थापीवाला: हो, इ.स.पू. सातव्या शतकातली. फार मोठा शोध आहे तो. पण त्या आशेवर गट निवडू नका. शिवाय दोन्ही कामं वाटतात तितकी वेगळी नाहीत. त्या मुलखात नंतरच्या लोकांनी कबरींचे गोठे केले, कोठारं केली. भिंतीतला कोनाडा एट्रुस्कन की गुरं बांधणाऱ्याने खोदलेला, हे ओळखायला दोन्ही काळ ठाऊक हवेत. पहिल्या वर्षी वस्ती घ्या.

नवशिकी: ठीक, वस्तीच मागते. सुट्टीच्या दिवशी कबरी बघता येतील?

थापीवाला: नक्की. मार्तुरानुम उद्यानातून पायवाटा जातात. वाटेत खापर दिसलं तर उचलू मात्र नका. इटलीत जमिनीतून निघालेली पुराणवस्तू कायद्याने सरकारची असते, आणि जागेवरून हललेल्या खापरावरून ते कुठल्या कबरीचं हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. गटप्रमुखांना जागा दाखवा.