हैतीच्या तांदळाबद्दल थोडं

काही जण म्हणतात की श्रीमंत देशांकडून स्वस्त धान्य आलं तर गरीब देशाचं भलंच होतं, मग तक्रार कशाला? कॅरिबियन समुद्रातल्या हैती या गरीब देशाचं उदाहरण बघावं अशी माझी विनंती आहे.

तिथे आर्तिबोनीत नावाच्या नदीच्या खोऱ्यात भात पिकतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशाची गरज बऱ्याच अंशी घरच्या तांदळावर भागत असे. मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या, अटींखाली आयातशुल्क घटत गेलं आणि १९९५ साली तांदळावर उरलं जेमतेम ३ टक्के. समोर होता अमेरिकन तांदूळ, ज्याच्या शेतकऱ्याला तिथलं सरकार अनुदान देतं. म्हणजे आपलं अनुदान चालू ठेवायचं आणि दुसऱ्याला म्हणायचं, बाजार खुला करा! हा तांदूळ बाजारात इतका मुरला की लोक त्याला 'दिरी मियामी' म्हणू लागले. दिरी म्हणजे तांदूळ, आणि मियामी हे अमेरिकेतलं शहर.

ग्राहकाला काही वर्षं तो स्वस्त पडला, हे खरंच. पण खोऱ्यातल्या शेतकऱ्याला भात पिकवणं परवडेना, आणि देश बाहेरच्या तांदळावर अवलंबून राहिला. २००८ साली जगभर भाव भडकले तेव्हा हैतीत लोक रस्त्यावर उतरले, पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

मार्च २०१०मध्ये खुद्द बिल क्लिंटन यांनी, म्हणजे १९९५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्यांनी, अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे हे धोरण चूक होतं अशी कबुली दिली. आर्कान्सासच्या, म्हणजे त्यांच्याच राज्यातल्या, काही शेतकऱ्यांचा त्यात फायदा झाला असेल, हेही ते बोलले. मला ही कबुली फार मोलाची वाटते, पण मोडलेली शेती तिने उभी राहत नाही.