अनुभव धागा : आम्ही सीएसएस कसे शिकलो

धागाकर्ता

बडोद्यात मंडळाचे, शिकवणीचे किंवा घरगुती व्यवसायाचे वेबपान स्वतःच तयार करणारी बरीच मराठी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. त्यांतील अनेकांना एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर आणि रचना लिहिण्याची भाषा, लवकर जमते आणि गाडी सीएसएसपाशी, म्हणजे पानाचे रंग, आकार व मांडणी ठरवणाऱ्या भाषेपाशी, अडते, कारण इथे ब्राउझर कधी तक्रार करत नाही. न समजलेली ओळ तो मुकाट्याने वगळतो आणि पुढे जातो. म्हणून विनंती अशी, की नेमके काय उमगल्यावर आपली वाट मोकळी झाली, ते प्रत्येकाने उदाहरणासह लिहावे.

फराळघर

माझ्या सासूबाई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्यासाठी मी पान करायला घेतले. ९०० पिक्सेलच्या पट्ट्यात चकली, अनारसे आणि चिवडा यांच्या ३०० पिक्सेलच्या तीन चौकटी फ्लोट (घटक एका बाजूला सरकवण्याची सोय) वापरून शेजारी शेजारी बसवायच्या होत्या, पण चिवडा दर वेळी खालच्या ओळीत उतरत असे. एफ-१२ दाबून तपासणीची खिडकी उघडली, तेव्हा प्रत्येक चौकट प्रत्यक्षात ३४२ पिक्सेल रुंद असल्याचे दिसले: ३०० मजकुराचे, दोन्ही बाजूंचे मिळून ४० पॅडिंगचे (मजकूर आणि कडा यांमधील मोकळी जागा) आणि २ बॉर्डरचे (कडेची रेघ). ‘बॉक्स-सायझिंग’ या गुणधर्माला ‘बॉर्डर-बॉक्स’ हे मूल्य दिले की पॅडिंग आणि बॉर्डर त्या ३०० मध्येच सामावतात. बॉक्स मॉडेलची, म्हणजे मजकूर, पॅडिंग आणि बॉर्डर मिळून चौकट कशी बनते याची, आकृती मी आधीही पाहिली होती, पण ती खरी समजली ती या बेरजेमुळे.

दांडिया बाजार

आमच्या गणेशोत्सव मंडळाचे पान मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत असते, आणि सीएसएसचा माझा खरा अभ्यास त्या एका पानावर झाला. गुजराती शीर्षकाला ‘लेटर-स्पेसिंग’ने (अक्षरांमधील अंतराने) थोडी मोकळीक दिली तेव्हा ते फार देखणे दिसले, तीच ओळ मराठी शीर्षकाला लागू होताच शिरोरेषेचे तुकडे पडले. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, त्यामुळे तिला अंतर मानवते. देवनागरीचे शब्दरूपच त्या सलग रेषेवर उभे आहे. यावर उपाय सापडला तो ‘लँग’ या निवडकाचा, म्हणजे नियम कोणत्या घटकांना लावायचा ते सांगणाऱ्या खुणेचा. एचटीएमएलमध्ये प्रत्येक परिच्छेदाची भाषा नोंदवली, की मराठीसाठी एक नियम आणि गुजरातीसाठी दुसरा, असे स्वच्छ वेगळे लिहिता येते. भाषा नोंदवण्याचा आणखी एक लाभ म्हणजे, ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे उमटतात. मला याचे फार अप्रूप वाटते.

दुसरा धडा ‘मूर्ती’ या शब्दाने दिला. त्यात खाली दीर्घ उकार आहे, वर वेलांटी आणि रफार आहे. ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) १ ठेवून चौकटीला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर जाणारे लपवा) दिले, की वरखालचे फराटे छाटले जातात. मी आता १.७ लिहितो, आणि तेही एककाशिवाय, कारण तसा आकडा प्रत्येक घटकाच्या स्वतःच्या अक्षर-आकाराने गुणला जातो, तर पिक्सेलमध्ये दिलेली उंची मोठ्या शीर्षकालाही जशीच्या तशी वारशाने मिळते आणि ओळी एकमेकींवर चढतात. इंग्रजी धड्यांतील आकडे देवनागरीला तसेच लावू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

जुना_कारागीर

सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मधली असली, तरी मी कामाला लागलो तेव्हाही मांडणी टेबलांत टेबले घालूनच होत असे. पुढे फ्लोट आले, मग फ्लेक्सबॉक्स (घटक एका ओळीत किंवा स्तंभात बसवण्याची पद्धत). मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत ग्रिड (ओळी आणि स्तंभांच्या जाळीवर मांडणी करण्याची पद्धत) आले आणि मांडणीचा बराचसा जाच संपला. फराळघर ताई, आपल्या तीन चौकटींसाठी फ्लोटऐवजी ग्रिड घ्या: स्तंभांना ‘ऑटो-फिट’ (मावतील तितके स्तंभ) आणि ‘मिनमॅक्स’ने किमान २४० पिक्सेल व कमाल १ एफआर (मोकळ्या जागेचा एक वाटा) सांगितले, की मोबाइलवर त्या आपोआप एकाखाली एक येतात आणि त्यासाठी वेगळी मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारा नियम) लिहावी लागत नाही. नव्याने शिकणाऱ्याने आज फ्लोटपासून सुरुवात करू नये. चित्राभोवती मजकूर वळवायचा असेल, तेव्हाच त्याच्याकडे जावे.

शिकवणीच्या_बाई

माझा अनुभव लहान आहे. गणिताच्या सरावपत्रिका मी वेबपानावर ठेवते आणि पालक त्या छापून घेतात. छपाईसाठीच्या मीडिया नियमात मेनू आणि रंगीत पट्टा ‘डिस्प्ले नन’ने लपवला, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘ब्रेक-इनसाइड अव्हॉइड’ (मध्येच पान तोडू नका) दिले, त्यामुळे भूमितीची आकृती एका कागदावर आणि तिचा प्रश्न दुसऱ्या कागदावर, असे आता होत नाही. तपासून पाहण्यासाठी कागद खर्चावा लागत नाही; ब्राउझरच्या छपाईपूर्व दृश्यात सगळे दिसते.