आईची दाढ दुखायची थांबली, आता रूट कॅनल करायचं की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, आधीच सॉरी, पण दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत आणि घरात तिसरंच चाललंय म्हणून इथे विचारतेय.

आई ६४ वर्षांची, उंब्रजला असते, मी पुण्यात. शुगर १२ वर्षांपासून, गोळ्या चालू, शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ८.१ आलेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी रोज, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असते ती.

तर गणपतीत तिची डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. दिवसा बरं असायचं, रात्री आडवी झाली की सुरू, पार कानापर्यंत कळ. घर पाहुण्यांनी भरलेलं म्हणून बाई कुणाला बोलली नाही. माझ्या लक्षात आलं ते चहामुळे. बशीत ओतून, पार गार करून, मान उजवीकडे कलती करून पीत होती, आणि भाकरी आमटीत कुस्करून गिळत होती नुसती. तोंड बघितलं तर लवंग धरून धरून गालाचं आतलं कातडं पांढरं पडलेलं. बाबांनी मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या, काय दिलं कुणास ठाऊक, चिठ्ठी नाही काही नाही, पाच दिवस खाल्ल्या आणि दुखणं गेलं. पूर्ण गेलं.

तरी मी ओढत नेलं. पहिल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, म्हणाले मुळाच्या टोकाशी काळं दिसतंय, रूट कॅनल करून कॅप लावा, रूट कॅनल साडेचार हजार, कॅपचे वेगळे. दुसरे म्हणाले वय, शुगर, हार्ट बघता काढून टाका, कशाला त्रास. आई म्हणते दुखत नाही तर तोंड उघडायचं कशाला. आणि शेजारच्या काकूंनी सांगून ठेवलंय की दाढ काढली की नजर जाते.

मला एवढंच कळत नाहीये की दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं असतं का? आणि करायचंच झालं तर रक्ताची गोळी किती दिवस आधी बंद करायची? कुणाच्या आईवडिलांचं असं झालं असेल तर प्लीज सांगा.

खलबत्ता:
गोळी कुणाला न विचारता बंद करू नका हो ताई!! आमच्या सासऱ्यांनी दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने चार दिवस गोळी सोडली होती, नशीब काही झालं नाही पण हार्टच्या डॉक्टरांनी नंतर असं झापलं की घरात आठवडाभर कुणी आवाज काढला नाही. पुढच्या वेळी गोळी चालू ठेवूनच दात काढला, जागेवर टाका घातला, कापूस दाबून बसले, रक्त थांबलं. थोडं उशिरा थांबलं इतकंच.

एक_डेंटिस्ट:
इथून निदान करता येत नाही, दाढ बघायला लागते, तेव्हा हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

रात्री आडवं झाल्यावर ठणका, गरम चहाने वाढणारी कळ, मग एक दिवस अचानक सगळं शांत, ही गोष्ट आम्ही आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकतो. दाढेच्या आत नस असते, ती सुजली की चारी बाजूंनी कडक दात असल्यामुळे सूज जाणार कुठे, म्हणून ठणकतं. नस मेली की ठणकायला कुणी उरत नाही. पण मेलेल्या नसेत जंतू राहतात, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, एक्सरेत काळं दिसतं ते बहुतेक तेच. अँटिबायोटिकने आजूबाजूची सूज उतरते, पण दाढेच्या आत रक्तपुरवठाच राहिलेला नाही तर औषध तिथं पोचणार कसं. त्यामुळे आत साफ करा, म्हणजेच रूट कॅनल, किंवा दाढ काढा, दोनच रस्ते. तशीच ठेवली तर कधीतरी गाल सुजवून उठणार, आणि शुगरवाल्या पेशंटमध्ये ते लवकर पसरतं. शिवाय तोंडातल्या इन्फेक्शनने शुगर वर जाते, शुगर वर म्हणून इन्फेक्शन हटत नाही.

वय, शुगर, स्टेंट यामुळे रूट कॅनल करू नये असं काही नाही. उलट काढण्यापेक्षा त्यात रक्त कमी जातं. मात्र दाढ कॅप धरेल इतकी उरली आहे का, हिरडी आणि हाडाची पकड कशी आहे, यावर ठरतं, दुसऱ्या डॉक्टरांनी काढा म्हटलं त्यामागे ते असू शकेल, तेवढं त्यांना विचारा. रक्ताच्या गोळीचं हार्टच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणा. साध्या एका दाताला शक्यतो ती बंद करत नाहीत.

सकाळची अपॉइंटमेंट घ्या. नाश्ता आणि शुगरची गोळी नेहमीसारखी, उपाशी आणू नका, खुर्चीत शुगर उतरलेली आम्हाला परवडत नाही. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, "एक पांढरी एक गुलाबी" असं सांगू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, दात काढायचा असेल तर त्याने जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. आणि मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणणं बंद करा. ॲस्पिरिन चालू असताना वर आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते, किडनीवरही ताण. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, तीही विचारून.

नजरेचं म्हणाल तर डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. ज्या वयात दात पडतात त्याच वयात चष्म्याचा नंबर वाढतो, आणि आळ बिचाऱ्या दाढेवर.

कृष्णाकाठ:
उंब्रजहून कराड किती लांब? मलकापूरला कृष्णा हॉस्पिटलच्या आवारात डेंटल कॉलेज आहे, तिथं दाखवा की. कॉलेजात पैसे कमी लागतात, वेळ मात्र जातो, अर्धा दिवस धरून चला. शिकणारी पोरं करतात पण मागे सर उभे असतात. आणि हार्ट, शुगर असलेल्या माणसाला बाजूलाच मोठं हॉस्पिटल असलेलं बरं.

आमच्या आजीने तर रिंगणीच्या बियांचा धूर घेतला होता दाढेला, नळीने. किडे पडले म्हणून सगळ्या गल्लीला दाखवले. दाढ शेवटी सहा महिन्यांनी काढलीच.

निवांत_नागपूरकर:
रूट कॅनल केलं तर कॅप टाळू नका एवढंच सांगतो. मी टाळली, पैसे वाचवले, दुखत तर नव्हतं. आठ महिन्यांनी चिक्की खाताना कट्कन आवाज आला, वाटलं चिक्कीच तुटली, दाढ उभी चिरली होती. पार मुळापर्यंत. काढावी लागली, रूट कॅनलचे पैसे पण गेले. आता वरची दाढ त्या खड्ड्यात खाली उतरायला लागलीये म्हणे.

धागाकर्ती, अपडेट:
सगळ्यांचे खूप आभार. उत्तर द्यायला उशीर झाला.

हार्टच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, गोळी चालू ठेवा. कराडला दाखवलं. तिथल्या मॅडमनी कापसाच्या बोळ्यावर कसला तरी गार स्प्रे मारला आणि एकेका दाताला लावत गेल्या, आईला सांगितलं गार लागलं की हात वर करा. शेजारच्या दाताला लावला, हात वर. त्याच्या पुढच्याला लावला, हात वर. त्या दाढेला लावला तर काहीच नाही. परत लावला. आई शांत. मग मॅडमकडे बघून एकदम खूश होऊन म्हणते, "बघा, हीच तेवढी चांगली आहे, उगाच हिच्या मागं लागलाय." मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी तिला एक्सरे दाखवून समजावलं की बाकीचे जिवंत आहेत म्हणून बोलतायत, ही गेलीय म्हणून गप्प आहे. ते मात्र आईला लगेच पटलं, माझं महिनाभर ऐकत नव्हती.

दाढ वाचण्यासारखी आहे म्हणाल्या. पहिल्या दिवशी उघडली तेव्हा असा घाण वास आला की आईनेच नाकाला पदर लावला. अर्धा ओठ दोनतीन तास बधिर होता, सारखी बोटाने चाचपून बघत होती, चावू नका सांगितलंय म्हणून चहा पण नाही. मुळांत नसेच्या तीन नळ्या सापडल्या, औषध घालून वरून कच्चं सिमेंट भरलंय, अजून दोन वेळा जायचंय. शुगरच्या गोळ्या पण फॅमिली डॉक्टरांनी बदलून दिल्यात.

आता नवीन प्रश्न. कॅप कुठली? मेटलची स्वस्त आणि टिकते म्हणतात, आईला ती नको, हसल्यावर चकाकेल म्हणते, म्हटलं एवढ्या मागचं कोण बघतंय, तर म्हणे मी जोरात हसते. झिरकोनियाची, म्हणजे दाताच्या रंगाची, दुपटीच्या वर सांगतायत. मागच्या दाढेला झिरकोनिया कुणी लावलीय का, चारपाच वर्षं झाली असतील तर कशी आहे सांगा. पुढच्या गुरुवारी माप घेणार आहेत.