नामशेष प्राणी परत आणून परिसंस्था सावरेल का?

रानवाटा: एप्रिल २०२५ मध्ये कोलोसल बायोसायन्सेस या अमेरिकी कंपनीने डायर वुल्फ हा हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडगा परत आणल्याचा दावा केला. खरं तर ते राखाडी लांडगेच आहेत, १४ जनुकांत २० बदल केलेले. आता मॅमथ (हिमयुगातला केसाळ हत्ती) आणि थायलासीन (टास्मानियाचा पट्टेदार मांसाहारी प्राणी) यांची तयारी सुरू आहे, तीही परिसंस्था सावरण्याच्या नावाखाली. मला हे अजिबात पटत नाही. ज्या कारणाने प्राणी संपला ते कारण तसंच असेल, तर त्याला सोडणार कुठे?

तृणपाते: थायलासीनला हा मुद्दा लागू होत नाही. मेंढ्या मारतो म्हणून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या सरकारने १८८८ पासून त्याला मारण्यावर बक्षीस लावलं होतं. शेवटचा १९३६ मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आज बक्षीस नाही, जंगल मात्र बरंच शिल्लक आहे.
आणि प्राणी गेला की त्याचं कामही थांबतं. मॉरिशसलगतच्या इल ओ एग्रेत बेटावर महाकाय कासवं संपली, तशी एबनी या झाडाची फळं झाडाखालीच पडून राहू लागली. हिंदी महासागरातल्याच अल्डाब्रा बेटाहून आणलेली कासवं सोडल्यावर ती फळं खाऊ लागली आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बिया दूरवर रुजू लागल्या.

रानवाटा: मग यात प्रयोगशाळा कुठे आली? हयात असलेली जवळची प्रजाती आणली आणि काम झालं! क्लोनिंगचा, म्हणजे पेशीपासून हुबेहूब तसाच प्राणी घडवण्याचा, अनुभव काय सांगतो? स्पेनमधली बुकार्डो ही रानबकरी २००० मध्ये संपली. २००३ मध्ये तिचं क्लोन जन्मलं, पण फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांतच दगावलं.

तृणपाते: हे २००३ चं झालं. १९८८ मध्ये गोठवलेल्या पेशींपासून २०२० मध्ये काळ्या पायांच्या फेरेटचं (उत्तर अमेरिकेतला मुंगसासारखा दिसणारा दुर्मीळ प्राणी) क्लोन जन्मलं आणि जगलं. आजचे सगळे फेरेट मोजक्याच पूर्वजांचे वंशज आहेत, त्यामुळे त्या जुन्या पेशींतून परत आलेलं जनुकीय वैविध्य मोलाचं आहे.

उत्तरध्रुव: पण फेरेट नामशेष झालेला नाही, हाच फरक आहे. तंत्र वाचवण्यासाठी वापरा, माझा पूर्ण पाठिंबा. मॅमथचं मात्र गणित जमत नाही. कळपांनी बर्फ तुडवला की थंडी जमिनीत खोल जाते आणि गोठलेली माती टिकते, तिच्यातला कार्बन हवेत जात नाही, हा सायबेरियात काम करणारे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई झिमोव्ह यांचा युक्तिवाद. तो प्रयोग ते घोडे, बायसन अशा हयात प्राण्यांवर करतातच. मॅमथ घडवायचा तो हत्तीपासूनच, आणि हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा, मग हजारोंचे कळप कधी उभे राहणार? तोवर ती माती वितळणं थांबणार आहे का?