आइस हॉकी: खेळाडू, प्रशिक्षक आणि शिक्षक हा प्रवास कसा घडतो?

प्रश्न : मुलुंडची क्रीडाशिक्षिका

नमस्कार. मी मुलुंडमधील एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि शाळा सुटल्यावर मुलामुलींकडून इनलाइन हॉकीचा (चाकांच्या स्केट्सवर खेळायच्या हॉकीचा) सराव करून घेते. माझी एक विद्यार्थिनी यंदा बारावीला आहे. मागच्या हिवाळ्यात लेहला जाऊन ती प्रथमच खऱ्या बर्फावर खेळली आणि आइस हॉकीची प्रशिक्षक व्हायचे हे तिने तेव्हापासून मनाशी पक्के केले आहे. तिला अडवावे असे तिच्या वडिलांच्या मनात नाही, पण त्यांनी मला विचारलेला प्रश्न रास्त आहे. ज्या मुलीला वरच्या पातळीवर खेळायला मिळण्याची शक्यता कमी आहे, ती त्या खेळाची चांगली प्रशिक्षक कशी होणार? आणि प्रशिक्षणाबरोबर शिक्षकी पेशा करणाऱ्यांची कारकीर्द प्रत्यक्षात कशी उभी राहते?

क्रिकेटपुरते उत्तर मी देऊ शकले. आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, आणि तरीही शिवाजी पार्कावर त्यांनी काय घडवले हे दादरमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. आइस हॉकीत असे कोणी होऊन गेले असेल, तर कृपया त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : हिवाळी खेळ

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर म्हणजे कॅनडाचे क्लेअर ड्रेक. त्यांचा जन्म 1928 मध्ये सस्कॅचेवान प्रांतातील यॉर्कटन येथे झाला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ते तेथील संघाकडून खेळले, पण एनएचएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, खेळाडू म्हणून ते कधीच उतरले नाहीत. पुढे ते एडमंटनला आले, शिक्षकी पेशात शिरले आणि अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘गोल्डन बेअर्स’ या संघाचे प्रशिक्षक झाले. या संघाला त्यांनी 28 हंगाम शिकवले. त्या काळात संघाने 697 सामने जिंकले आणि सहा वेळा राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपद मिळवले. 1967-68 या एकाच शैक्षणिक वर्षात विद्यापीठाचे हॉकी आणि फुटबॉल हे दोन्ही संघ राष्ट्रीय विजेते ठरले, आणि दोन्ही संघांचे प्रशिक्षक ड्रेकच होते. (हा फुटबॉल म्हणजे कॅनडातील, अंडाकृती चेंडूचा.) एका खेळातला नामवंत खेळाडू असणे आणि खेळ शिकवण्याची विद्या अवगत असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे त्या एका वर्षावरून कळते, असे मला वाटते.

मात्र मला त्यांच्या विजयांपेक्षा त्यांची शिकवण्याची रीत अधिक महत्त्वाची वाटते. आइस हॉकीत एखाद्या खेळाडूला शिक्षा झाली की त्याच्या संघाला काही काळ एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. अशा वेळी उरलेल्या चौघांनी आपल्या गोलसमोर चौकोन करून बचाव करत राहावे, अशी जुनी पद्धत होती. ड्रेक यांनी आपल्या खेळाडूंना उलट शिकवले: गडी कमी असला तरी ज्याच्याकडे पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) आहे त्याच्यावर धावून जा, त्याला विचार करायला वेळ देऊ नका. हे करायचे तर चौघांनाही एकमेकांची जागा आणि पुढची हालचाल आधीच ठाऊक असावी लागते, आणि ते सरावात समजावून सांगणाऱ्या शिक्षकाशिवाय साध्य होत नाही. शिवाय ड्रेक यांनी आपल्या सरावाच्या पद्धती कधी लपवून ठेवल्या नाहीत. दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक विचारायला आला तर त्यालाही ते सर्व उलगडून सांगत. केन हिचकॉक आणि माइक बॅबकॉक हे एनएचएलमधील नामवंत प्रशिक्षक त्यांना आपले गुरू मानत आले. 2017 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला तो खेळाडू म्हणून नव्हे, तर खेळ घडवणाऱ्यांच्या वर्गात. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रतिसाद : बोरिवलीचा स्केटर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण मुंबईतील मुलीसाठी मला सोव्हिएत प्रशिक्षक अनातोली तारासोव्ह यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते, कारण त्यांनी बर्फाच्या टंचाईतून मार्ग काढला. सोव्हिएत युनियनमध्ये पकची हॉकी 1946 मध्ये सुरू झाली, तेव्हा तारासोव्ह स्वतः खेळत होते आणि पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यांचे होते. त्या वेळी मॉस्कोत पूर्ण आकाराचे कृत्रिम बर्फाचे मैदान नव्हते. त्यामुळे बर्फ नसलेल्या महिन्यांत धावणे, वजने, उड्या, कोलांट्या, चेंडूचे खेळ अशा जमिनीवरच्या सरावाची सविस्तर पद्धत त्यांनी बसवली. 1954 मध्ये सोव्हिएत संघ प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला आणि जिंकला. त्या संघाचे प्रमुख प्रशिक्षक अर्काडी चेर्निशेव्ह होते. पुढे या दोघांनी मिळून 1963 ते 1971 सलग नऊ जागतिक विजेतेपदे मिळवली. तारासोव्ह पुस्तके लिहीत राहिले, आणि मुलांसाठी ‘सोनेरी पक’ नावाची देशव्यापी स्पर्धा 1964 पासून उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्रशिक्षक आणि शिक्षक या दोन भूमिका त्यांच्या आयुष्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

मुलुंडची क्रीडाशिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. जमिनीवरच्या सरावाचा मुद्दा मला लगेच उपयोगी पडेल. तरीही एक शंका राहते. ड्रेक यांच्यामागे विद्यापीठ होते आणि तारासोव्ह यांच्यामागे लष्कराचा क्लब. आपल्याकडे तसे काहीच नसताना मुलीने सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद : ठाण्याचे निवृत्त मुख्याध्यापक

तुमची शंका योग्य आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करू नये. चाकांवर कितीही चांगले खेळता आले तरी ब्लेडच्या धारेवर वळणे आणि थांबणे बर्फावरच शिकावे लागते. शिवाय इनलाइन हॉकीत गोलरक्षकाखेरीज चार खेळाडू असतात आणि बर्फावर पाच, त्यामुळे जागेचा अंदाजही बदलतो. म्हणून दर हिवाळ्यात लडाखला जाण्याचा खर्च कुटुंबाने आजच हिशेबात धरावा. आपल्या महिला संघाने 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथील आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, आणि त्या संघातील बहुतेक मुली लडाखच्या आहेत. त्यांच्या सहवासात खेळणे हेच मोठे शिक्षण ठरेल.

शिक्षणाच्या बाजूने वाट बरीच सरळ आहे. पदवीनंतर दोन वर्षांचा बी. पी. एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) अभ्यासक्रम केला की शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून उभे राहता येते. पोटापाण्याचा प्रश्न त्या नोकरीने सुटतो आणि मैदानावर रोज मुले मिळतात. वडिलांना हे नीट सांगितले तर त्यांची चिंता पुष्कळ हलकी होईल.

आणखी एक उदाहरण नोंदवतो. फादर डेव्हिड बाउअर हे कॅनडातील कॅथलिक धर्मगुरू आणि शिक्षक. तरुणपणी ते उत्तम खेळाडू होते आणि 1944 मध्ये ओशावाच्या संघासह मेमोरियल चषक (कॅनडातील कुमार गटाचा मानाचा चषक) त्यांनी जिंकला होता. पुढे शिकणाऱ्या हौशी खेळाडूंचा राष्ट्रीय संघ उभारून तो 1964 च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला त्यांनी नेला. स्वीडनविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याची तुटलेली स्टिक लागून त्यांचा चेहरा रक्ताळला, तेव्हा चवताळून उठलेल्या आपल्या खेळाडूंना त्यांनी जागेवरच थांबवले. संघाने तो सामना जिंकला आणि फादर बाउअर यांना त्यांच्या वर्तनाबद्दल विशेष सुवर्णपदक देण्यात आले. डावपेच पुस्तकातून शिकता येतात. मुलांनी रागाच्या क्षणी आपले ऐकावे इतका विश्वास मात्र वर्षानुवर्षे शिकवूनच मिळतो.

प्रतिसाद : हिवाळी खेळ

सरांच्या लिखाणात एक व्यावहारिक भर घालतो. त्या मुलीने पदवीची वाट न पाहता आताच तुमच्या हाताखाली लहान गटाला शिकवायला सुरुवात करावी आणि प्रत्येक सरावाची वही ठेवावी: कोणता सराव दिला, कोणाला कोठे अडले, पुढच्या वेळी काय बदलले. लेहला जाताना ती वही बरोबर न्यावी आणि तेथील प्रशिक्षकांना दाखवून त्यांच्याकडून दुरुस्त्या करून घ्याव्यात. तुमची हरकत नसेल तर सरावाचा पहिला आराखडा येथेच टाका. आम्ही तिघेही तो वाचून सूचना देऊ.