आठ महिने जिभेची आग होतेय, दोन रूट कॅनाल झाले, आता दाढ काढा म्हणतात. दुसरीकडे दाखवू का?

शिवणवाली, निपाणी

नमस्कार. माझं वय ५४. घरीच ब्लाऊज शिवते. आठ महिने झाले, जिभेच्या टोकाला आणि दोन्ही कडांना आग होते. गरम चहानं पोळल्यावर जीभ कशी लागते, तशी. पण पोळलेली दोन दिवसांत बरी होते, ही जातच नाही. सकाळी उठल्यावर कमी असते. दुपारी मशीनवर बसले की चढत जाते आणि रात्री भांडी घासायच्या वेळेला अगदी नको होतं. आमच्या घरात संकेश्वरी मिरचीचा ठेचा रोज लागतो, मी त्याला हातही लावत नाही. आमटीसुद्धा पाणी घालून खाते.

आरशात काही दिसत नाही. फोड नाही, जखम नाही.

आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी डावीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल केलं. फरक नाही. मग शेजारच्या दाढेचं केलं. कॅप धरून चौदा हजार गेले. आता म्हणतात, तिसरी काढूनच टाकू. ती दाढ हलत नाही, किडलेली नाही, तिच्यानंच मी भाकरी चावते. आणि आग तर जिभेला आहे! मी तसं म्हटलं तर म्हणाले, "मावशी, नस एकच असते."

खरं सांगते, मला भीती वेगळीच आहे. मी तंबाखूच्या गावातली. आई वखारीत कामाला होती, मिश्री आमच्या घरात मिठासारखी असायची. मीही लग्नाआधीपासून लावायची, सहा वर्षांपूर्वी सोडली. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंना गालात गाठ निघाली तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं तर कोल्हापूर की बेळगाव? एक्स-रे मागितले तर या डॉक्टरांना राग येईल का? सगळं घर त्यांच्याकडेच जातं.

खानापूरचा दादा

ताई, दाढ काढू देऊ नका. एकदा काढली की परत बसवता येत नाही, एवढं एकच लक्षात ठेवा.

माझ्या वडिलांना सुपारीची सवय. तिखट लागलं की तोंडाची आग व्हायची, आम्ही दोन वर्षं "उष्णता आहे" म्हणून सब्जा आणि गुलकंद देत राहिलो. मग जांभई द्यायलाही तोंड पुरतं उघडेना. तुम्ही एक करून बघा. स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून उभी तोंडात जातात का? वडिलांची एकच जायची. गाल आतून चामड्यासारखा कडक झाला होता. सुपारीनं तसं होतं आणि पुढं त्यातून कॅन्सर होऊ शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुमच्या मिश्रीचं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. बायका लाजून सांगत नाहीत.

मुखरोगवाली, बेळगाव

काकू, मी दंतवैद्य आहे आणि तोंडाचे आजार हाच माझ्या पुढच्या शिक्षणाचा विषय आहे. तोंडात न बघता इथून निदान सांगणार नाही, पण कुठं आणि कसं जायचं ते सांगते.

दात भरणारे, दात बसवणारे, हिरड्यांचे, तसे तोंडाच्या आजारांचेही वेगळे डॉक्टर असतात. इंग्रजीत त्याला ओरल मेडिसिन म्हणतात. गावातल्या दवाखान्यात ते सहसा भेटत नाहीत, पण प्रत्येक दंत महाविद्यालयात हा विभाग असतो. बेळगावात केएलईचं व्ही. के. दंत महाविद्यालय आहे आणि मराठा मंडळाचं हलगेकर दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर या. केसपेपर काढताना "जिभेची आग" असंच सांगा, "दात दुखतो" म्हणू नका, नाहीतर परत दातांच्याच रांगेत उभं राहाल.

येताना तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंडाची आग होते, काहींनी तोंड कोरडं पडतं. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं आणि बी-१२ किंवा लोह कमी पडलं की जीभ गुळगुळीत होऊन जळते. थायरॉईड, शुगर, बुरशी, घट्ट झालेली कवळी, फार झोंबणारी टूथपेस्ट, हे सगळं बघावं लागतं. पाळी गेल्यानंतर काही बायकांना काहीच सापडत नाही तरी आग होते. तो खरा आजार आहे, मनाचे खेळ नाहीत. पण बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नसतं.

एक्स-रे मागण्यात चुकीचं काही नाही. "बेळगावला एकदा दाखवून येते, माझे एक्स-रे द्या" असं सरळ सांगा. मोबाईलवरही पाठवतात.

आणि एक, सगळ्यांसाठीच. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर थांबायचं नाही.

चिकोडीची अक्का

मी कन्नड शाळेत शिकवते, घरात मराठी. एक साधीच गोष्ट सांगते. तुमचे डॉक्टर किंवा त्यांची सिस्टर कन्नड बोलणारी आहे का? माझ्या सासूबाई "आग होते" म्हणायच्या आणि सिस्टर डॉक्टरांना "नोवु" सांगायची. नोवु म्हणजे दुखणं. आग म्हणजे "उरि". कागदावर दुखणं लिहिलं गेलं आणि उपचारही दुखण्याचेच झाले. तुम्ही "बायल्लि उरि" म्हणा, म्हणजे तोंडात आग. ठणका, सणक, चुणचुण, मुंग्या, आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. विजेचा झटका बसल्यासारखी सणक वेगळ्या आजाराची, चरचर वेगळ्या. तुमचं नेमकं काय ते घरी कागदावर लिहून न्या.

शिवणवाली, निपाणी

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. तुम्हा तिघांचे उपकार कसे फेडू?

बेळगावलाच गेले. "आग" हा शब्द मी तीनदा सांगितला आणि अक्कांचा "उरि"पण. तिथल्या मॅडमनी जीभ गॉजच्या तुकड्यानं धरून बाहेर ओढली, एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. एक बोट जिभेखाली आणि दुसरा हात हनुवटीखाली ठेवून दाबून बघितलं. आठ महिन्यांत कुणी माझ्या जिभेला हात लावला नव्हता. दाढेवर आरशाच्या दांड्यानं टकटक केलं, गार कापूस लावला. गार लागलं आणि कापूस काढल्यावर लगेच थांबलं. म्हणाल्या, दाढ चांगली आहे, हिला हात लावायचा नाही. मी तिथंच रडले.

जिभेच्या कडा गुळगुळीत झाल्यात, हे त्यांनी मला आरशात दाखवलं. जुन्या मखमलीचे केस झडून खालचं कापड दिसावं तशा. मी रोज बघत होते, मला कळलं नव्हतं. शुगरची गोळी सात वर्षं चालू आहे. बी-१२ निघालं १३८, दोनशेच्या वर पाहिजे होतं. हिमोग्लोबिनही कमी. पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात का, असं विचारलं. येतात, पण ते मशीनच्या पायट्यामुळं असेल म्हणून मी कधी कुणाला बोललेच नव्हते. आमच्या शुगरच्या डॉक्टरांनी कागद बघून इंजेक्शनं सुरू केली. आग आता निम्म्यावर आलीय. संध्याकाळी अजून चढते, पण परवा आमटी पाणी न घालता खाल्ली.

खानापूरच्या दादांचं ऐकून मिश्रीचं आधीच सांगितलं, ते बरं झालं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून, एक फिकट पांढरा पट्टा आहे. बोटानं घासला तरी जात नाही. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. ते नऊ दिवस मी कसे काढले मलाच माहीत, एका ब्लाऊजच्या बाह्या दोनदा उलट्या लावल्या. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही, पेशीत वाईट बदल नाहीत. तरी दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

आमच्या जुन्या डॉक्टरांना सगळे कागद नेऊन दाखवले. त्यांनी बी-१२ चा कागद दोनदा वाचला आणि झेरॉक्स ठेवून घेतली. रागावले नाहीत.

माझी मोठी बहीण संकेश्वरला असते, ६१ वर्षांची, अजून मिश्री लावते. पुढच्या तारखेला तिला सोबत घेऊन जाणार आहे.