चष्मा लागला म्हणजे पोरगं हुशार? अनुभव सांगा

मांजराकाठ:
काल लातूरला भाचीला आणायला गेलतो. नीटची बॅच सुटली अन् जिकडं बघावं तिकडं चष्मेच. आमच्या गावात चष्मा गुरुजींना अन् तलाठ्याला, बस. मला सातवीत लागला तर आजी गावभर सांगायली, "पोरगं डाक्टर होतंय." झालो विमा एजंट. तुमचं काय?

लिंबूपाणी_बीड:
माझं उलटं. चौथीपर्यंत मी "ढ". फळा दिसायचाच नाही, शेजारणीच्या वहीतून उतरवायचे म्हणून मार खाल्ला. मग तपासणीवाले आले, उणे साडेतीन निघाला. चष्मा लावल्यावर कळालं, बाई चिडलेल्या नसायच्या, त्यांचा चेहराच तसा 😂

काचवाला_नांदेड:
दुकानात रोज हेच ऐकतो. उणे नंबर हुशारीनं नाही, शिक्षणानं चढतो. ब्रिटनमध्ये २०१८ साली सुमारे ६८ हजार लोकांची जनुकं धरून तपासलं: शिक्षणाच्या एकेका वर्षामागं साधारण पाव नंबर. नंबर आहे म्हणून कुणी जास्त शिकतं, असं मात्र दिसलं नाही.

उदगिरी:
चुलता धा नापास, उणे सहा. आता बोला.

काचवाला_नांदेड:
घराण्यातूनबी येतो की. शेतात जातेत का?

उदगिरी:
कशाचं. दिवसभर पारावर पेपर.

परभणीची_सून:
लेकाला लागला तर "अभ्यासू आहे". लेकीला लागला तर "लग्नाचं कसं व्हायचं". सासूबाई त्याच, घर तेच.

लिंबूपाणी_बीड:
@परभणीची_सून अगं आमच्याकडं बघायला आले तेव्हा काढून ठेवायला लावला. नवरा नीट दिसलाच नाही. भोगते आता.

काचवाला_नांदेड:
अन् प्लस (+) नंबरच्या पोरांकडं कुणी बघतच नाही. लांबचा तक्ता धडाधड वाचतेत, पुस्तक घेतलं की डोकं दुखतं. घरचे म्हणतेत कामचुकार.

मांजराकाठ:
भाचीला चौदा तास बसवायलेत. नंबर थांबवता येतो का?

काचवाला_नांदेड:
लागायच्या आधी उन्हाचा उपयोग होतो. चीनमध्ये ग्वांगझूत पहिलीच्या पोरांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत ३० टक्क्यांना नंबर लागला, बाकीच्या शाळांत ४०.

उदगिरी:
मे महिन्यात काढा म्हणावं लातुरात. पोरगं भाजून निघंल.

परभणीची_सून:
काचवाले दादा, लेकानं परत दांडी मोडली. नुसती दांडी बसते का?